संगणक कक्षात निम्म्या मशीनना नेट आहे, निम्म्यांना नाही. फॉरमॅट मारण्याआधी काय तपासू?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी शाळेत गणित शिकवते. 'तुम्हाला कॉम्प्युटरमधलं जरा कळतं ना' एवढ्या एका वाक्यावर संगणक कक्षही माझ्या गळ्यात पडला आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

कक्षात २४ मशीन, सगळ्यांवर विंडोज १०. १६ पोर्टचे दोन स्विच एकमेकांना जोडलेले आहेत. पहिल्यातून एक केबल ऑफिसमधल्या राउटरकडे जाते, दुसऱ्यातून एक स्टाफरूमकडे. सोमवारपासून असं झालंय की काही मशीनवर नेट चालतं, काहींवर नाही. बरं, बंद पडणारी मशीन ठरलेली असती तरी समजलं असतं. काल बंद असलेलं ११ नंबर आज सुरळीत आणि काल चालणारं ५ नंबर आज आडमुठं. लाल फुली कुठेच नाही. 'कनेक्टेड' दिसतं, पण खाली 'इंटरनेट नाही'. जिथे नेट नाही तिथून ऑफिसातला प्रिंटरही दिसत नाही.

दुरुस्तीला येणारे म्हणतात विंडोज करप्ट झालंय, सगळी मशीन फॉरमॅट करू. ऑनलाइन चाचणी तोंडावर आहे. त्याआधी मला स्वतःला काही तपासता येईल का?

केबलबुवा

मॅडम, फॉरमॅटवाल्याला आधी चहा पाजून परत पाठवा. २४ मशीनचं विंडोज एकाच सोमवारी करप्ट होत नसतं.

दोन गोष्टी बघून सांगा. एक, बंद मशीनच्या मागे केबल जिथे घुसते तिथला छोटा दिवा लागतोय का, आणि स्विचवर त्याच केबलच्या पोर्टचा दिवा लागतोय का. दोन, बंद पडणारी मशीन एकाच स्विचवरची आहेत की दोन्हीकडची? एकाच स्विचवरची असतील तर स्विच, त्याचा अ‍ॅडॉप्टर किंवा मधली जोडकेबल. इकडची-तिकडची असतील तर भानगड वेगळी.

शंकेखोर

व्हायरस असेल. अँटिव्हायरस अपडेट आहे का?

केबलबुवा

शंकेखोर, तुमच्याकडे नळाला पाणी नाही आलं तरी तुम्ही व्हायरसच म्हणाल. :-)

रात्रपाळी

बुवांशी सहमत. पहिला प्रश्न नेहमी 'किती जणांना त्रास आहे' हाच. एकालाच असेल तर दोष त्या मशीनमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. एका ओळीला असेल तर स्विच. सगळ्यांना असेल तर राउटर किंवा बाहेरची लाइन. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या मशीनमधली हद्द सापडली की निम्मं काम झालं. ती सापडेपर्यंत कशालाही हात लावू नका. केबल हलवली, राउटर बंद-चालू केला, कुठली तरी सेटिंग बदलली, हे सगळं एका दमात केलं की नेट परत येतं खरं, पण कशामुळे आलं ते कळत नाही आणि आठवड्याने पुन्हा तेच.

मॅडम, एक चालणारं आणि एक न चालणारं मशीन शेजारी-शेजारी निवडा. दोन्हीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग /ऑल असं टाका. भरपूर मजकूर येईल. त्यातल्या चारच ओळी हव्यात: आयपीव्ही४ पत्ता (मशीनचा जाळ्यातला क्रमांक), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा दरवाजा), डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा), डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा आकडा सांगणारा). दोन्ही मशीनच्या इथे टाका. फोटो नको, टाइप करा, म्हणजे तुम्हालाही फरक दिसेल.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लगेच सांगा. त्याचा अर्थ असा की मशीनने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक घेतला. वीज जाऊन आल्यावर हे हमखास दिसतं, कारण मशीन राउटरच्या आधी उठून बसतात. विंडोज दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारत राहतं, त्यामुळे कधीकधी चहा पिऊन येईपर्यंत आपोआप सुधारतं आणि ज्याने शेवटचं बटण दाबलं त्याला श्रेय मिळतं.

खडूफळा

धन्यवाद! दिवे दोन्हीकडे लागतात. बंद मशीन दोन्ही स्विचवर विखुरलेली आहेत. ओळी अशा:

५ नंबर (नेट नाही)
आयपी १९२.१६८.०.११३
गेटवे १९२.१६८.०.१
डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१
डीएनएस १९२.१६८.०.१

६ नंबर (नेट आहे)
आयपी १९२.१६८.१०.३७
गेटवे १९२.१६८.१०.१
डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१०.१
डीएनएस १९२.१६८.१०.१

टाइप करतानाच लक्षात आलं, की एकीकडे शून्य आहे आणि एकीकडे दहा. ऑफिसातल्या राउटरवर चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१०.१ लिहिलंय. मग हा १९२.१६८.०.१ कोण?

रात्रपाळी

बरोबर प्रश्न. तो घुसखोर.

तुमच्या जाळ्यात पत्ते वाटणारे दोन जण झालेत. एकाच वर्गात दोन वर्गशिक्षक आपापल्या मनाने हजेरी क्रमांक वाटायला लागले तर जे होईल ते झालंय. मशीन सुरू झालं की सगळ्यांना ओरडून विचारतं, 'मला पत्ता कोण देतं?' ज्याचं उत्तर आधी पोहोचतं त्याचा पत्ता ते घेतं. म्हणून रोज वेगळी मशीन बंद पडतात. ज्यांना खऱ्या राउटरने पत्ता दिला ती चालतात. ज्यांना दुसऱ्याने दिला ती त्यालाच बाहेरचा दरवाजा समजतात, आणि त्याच्या मागे भिंत आहे. प्रिंटर १० च्या घरात, मशीन ० च्या घरात, म्हणून प्रिंटरही दिसत नाही.

माझा अंदाज: कोणीतरी वायफायसाठी घरगुती राउटर आणून जोडलाय. असे बरेच राउटर डब्यातून निघतानाच १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन निघतात. ५ नंबरवर ब्राउझर उघडा आणि वर १९२.१६८.०.१ टाका. लॉगिनचं पान उघडलं तर त्यावर कंपनीचं नाव दिसेल. निदान काय शोधायचंय ते कळेल.

पाटीपेन्सिल

वाचतेय. आमच्याकडे याचाच भाऊबंद झाला होता, म्हणून लिहिते.

आमची अख्खी शाळा बंद पडली होती. नेट तर नाहीच, पण शेजारच्या मशीनवरची फाइलही उघडेना. स्विचकडे बघितलं तर सगळे दिवे एकाच ठेक्यात, वेड्यासारखे लुकलुकत होते. एरवी प्रत्येक दिवा आपापल्या तालात असतो. झालं असं की साफसफाई करताना एका केबलचं मोकळं टोक लोंबत होतं. ते बरं दिसत नाही म्हणून कोणीतरी ते स्विचच्याच रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये! सगळ्यांना उद्देशून पाठवलेली माहिती त्यात गोल-गोल फिरत राहिली आणि खऱ्या कामाला जागाच उरली नाही. केबल उपटल्याबरोबर सगळं शांत.

रात्रपाळी

पाटीपेन्सिल, याला लूप म्हणतात. यावरचा इलाज रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच काढून ठेवलाय, स्पॅनिंग ट्री नावाचा. स्विच आपसात बोलून फिरता रस्ता ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. अडचण एवढीच की शाळांत जे साधे, स्वस्त स्विच असतात त्यांच्यात तो बहुधा नसतो. नवीन स्विच घेताना हा एक प्रश्न जरूर विचारा.

केबलबुवा

मॅडम, लॉगिन पान उघडलं तरी डबा कुठल्या कपाटामागे आहे ते पान सांगणार नाही. तो असा शोधा.

५ नंबरवर पिंग -टी १९२.१६८.०.१ टाका, म्हणजे मशीन त्या पत्त्याला सारखं 'आहेस का?' विचारत राहील. एकाखाली एक उत्तरं येत राहतील, थांबणार नाहीत. एका विद्यार्थ्याला स्क्रीनसमोर बसवा. तुम्ही स्विचजवळ उभ्या राहा आणि ५ नंबरची केबल सोडून बाकीच्या एकेक करून काढा. काढली, दोन-तीन सेकंद थांबलात, पोराने 'येतंय' म्हटलं, परत त्याच भोकात लावली, पुढची. ज्या केबलला पोरगा ओरडेल 'गेलं!' ती केबल पकडून चालत सुटा. दुसऱ्या टोकाला घुसखोर बसलेला असेल.

एक काळजी घ्या: हे तास चालू असताना करू नका. आणि आधी स्विचचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कुठली केबल कुठे होती ते विसरायला वेळ लागत नाही. स्टाफरूमची केबल पहिली काढून बघा असं माझं मन म्हणतंय.

खडूफळा

बुवा, तुमचं मन पक्कं आहे. स्टाफरूमची केबल काढली आणि मागून आरोळी आली, 'मॅडम, गेलं!'

स्टाफरूममध्ये पुस्तकांच्या कपाटावर पांढरा, दोन अँटेनांचा राउटर निघाला. मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून एका सहकाऱ्यांनी घरी पडून असलेला जुना आणून लावला होता. सोमवारीच. भिंतीतून आलेली केबल त्याच्या चार पिवळ्या भोकांपैकी एकात होती, वेगळं निळं भोक रिकामं. आता कळलं की स्टाफरूमच्या वायफायवरही 'कधी येतं, कधी जातं' अशी कुरकुर का होती.

केबल काढून ठेवली आहे. पण वायफाय हवंय सगळ्यांना. तो राउटर निळ्या भोकात लावला तर चालेल का?

रात्रपाळी

चालेल, पण मी ते करणार नाही. निळं भोक बाहेरच्या लाइनसाठी असतं. तिथे लावलात तर तो पत्ते फक्त स्वतःच्या वायफायवाल्यांना वाटेल आणि कक्षाला त्रास होणार नाही. मात्र स्टाफरूम जाळ्यातलं वेगळंच बेट होईल आणि तिथून छपाई करताना कधी ना कधी डोकेदुखी होईल.

त्यापेक्षा त्याला नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट बनवा. काही राउटरमध्ये त्याच नावाचा पर्याय असतो, तो निवडला की काम झालं. नसेल तर हाताने करा. राउटर शाळेच्या जाळ्यापासून पूर्ण तोडा आणि एक लॅपटॉप थेट त्याच्या पिवळ्या भोकात जोडा. लॉगिन करून आधी डीएचसीपी सर्व्हर बंद करा. मग त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१०.२ करा. हा आकडा ऑफिसच्या राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यात येत नाही ना, आणि दुसऱ्या कोणाला दिलेला नाही ना, एवढं पाहून घ्या. वायफायचा पासवर्ड बदला. मग भिंतीतली केबल परत पिवळ्याच भोकात लावा, निळं रिकामं ठेवा. आता तो वायफाय देईल, पण पत्ते मात्र ऑफिसातूनच येतील.

बंद मशीनवर आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग /रिन्यू, किंवा सरळ रीस्टार्ट.

शंकेखोर

एवढा खटाटोप कशाला? सगळ्या २४ मशीनना हाताने पक्के पत्ते देऊन टाका. डीएचसीपीचा प्रश्नच मिटला.

मधली_सुट्टी

शंकेखोर, हे मी निस्तरलंय, म्हणून कळकळीने सांगतो, नको.

शाळेत मशीन जागा बदलतात. ८ नंबर बिघडलं की १४ नंबर उचलून तिथे ठेवतात. एका मशीनची कॉपी करून दुसरं तयार करतात, त्याबरोबर पत्त्याचीही कॉपी होते, आणि 'पत्त्यांची टक्कर' असा निरोप दोघांवर येतो. उद्या राउटर बदलला तर २४ मशीनपुढे बसून गेटवे बदलत बसा. पत्ते लिहिलेली वही कोणाकडे असते? बदली होऊन गेलेल्या सरांकडे.

पक्का पत्ता प्रिंटरला द्या, अ‍ॅक्सेस पॉइंटला द्या, फाइल ठेवायचं मशीन असेल तर त्याला द्या. बाकी सगळे डीएचसीपीवर. ठरावीक मशीनला ठरावीक पत्ता हवाच असेल तर राउटरमध्ये त्या मशीनच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) आरक्षण करता येतं, म्हणजे हिशोब एकाच जागी राहतो.

आणि मॅडम, स्टाफरूमला वायफाय दिलंत की दुसरी रांग लागेल. साध्या घरगुती जाळ्यात वापरण्याजोगे पत्ते जास्तीत जास्त २५४, आणि कित्येक राउटर त्यातले १००च वाटतात. एकदा दिलेला पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो, मग मोबाइलवाला घरी का गेलेला असेना. मुदत २४ तासांची असेल आणि पासवर्ड मुलांपर्यंत पोहोचला (पोहोचतोच), तर दुपारपर्यंत पत्ते संपतात आणि कक्षातलं उशिरा चालू केलेलं मशीन १६९.२५४ घेऊन बसतं. लोक केबल तपासत बसतात, केबल ठणठणीत असते. ऑफिसच्या राउटरमध्ये मुदत एक-दोन तासांवर आणा.

खडूफळा

राउटरचं काम झालं! रात्रपाळी, तुम्ही लिहिलेल्या क्रमाने केलं. २२ मशीन चालू. मुदतही कमी केली.

दोन अजून रुसलेली आहेत. १७ नंबरवर पत्ता बरोबर आहे, १९२.१६८.१०.५१, पण बहुतेक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. २३ नंबरचा पत्ता १६९.२५४ आणि स्विचवर त्याचा दिवा कधी लागतो, कधी विझतो.

पाटीपेन्सिल

१७ नंबरचं घड्याळ बघा. तारीख, वर्ष, सगळं.

खडूफळा

अरे देवा. २०१५ चा जानेवारी दाखवतंय.

पाटीपेन्सिल

मग नेटचा दोष नाही. सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरती असतात. मशीनच्या हिशोबाने ती अजून जन्मालाच आलेली नाहीत, म्हणून ब्राउझर नाही म्हणतो. तारीख दुरुस्त करा, लगेच उघडेल. पण वीज बंद केल्यावर परत मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा चपटा सेल संपलाय, बहुतेक मशीनमध्ये सीआर२०३२. मोठ्या सुट्टीनंतर कक्ष उघडला की हे दरवेळी एक-दोन मशीनवर निघतंच.

केबलबुवा

२३ नंबर माझं. दिवा लुकलुकत विझतो म्हणजे केबल किंवा टोक. आधी २२ नंबरची केबल २३ ला लावून बघा. चाललं तर मशीन निर्दोष. मग संशयित केबल हातात घेऊन टोकाची प्लास्टिकची जीभ बघा. तुटलेली असेल तर टोक घट्ट बसत नाही, बाकावरच्या पोराचा पाय लागला की सुटतं. आणि खुर्चीचा पाय केबलवर आलाय का तेही बघा.

नवीन टोक मारणार असाल तर रंगांचा क्रम लिहून घ्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्याची जोडी निळ्यांच्या दोन बाजूंना फुटते, ती मुद्दाम तशी आहे. लोक 'दिसायला नीट' म्हणून जोड्या ओळीने लावतात आणि दोन्हीकडे सारख्याच लावल्या तर आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टरही पास म्हणतो. कारण तो फक्त तार पोहोचली का ते बघतो, पिळाची जोडी जुळली का ते नाही. छोट्या केबलला खपून जातं, लांब केबलवर माहिती गळायला लागते.

शंकेखोर

बुवा, हे मात्र माहीत नव्हतं. एक विचारू? माझ्या एका मशीनवर नेट चालतं पण मोठी फाइल कॉपी करायला बाकीच्यांपेक्षा फार वेळ लागतो. स्विच गिगाबिटचा आहे. व्हायरस म्हणत नाहीये हं.

केबलबुवा

सुधारणा आहे. :-) नेटवर्क सेटिंगमध्ये त्या कनेक्शनचा वेग बघा. १०० एमबीपीएस दिसतो का? १०० ला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. उरलेल्या चारांतली एखादी तुटली तर मशीन तक्रार न करता १०० वर उतरतं. केबल बदला. शिवाय लांबी १०० मीटरच्या आत आहे ना ते बघा, भिंतीतली आणि दोन्हीकडची मिळून.

रात्रपाळी

खडूफळा, चाचणीच्या दिवसासाठी एक क्रम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कुठल्याही मशीनवर नेट गेलं की आधी आयपीकॉन्फिग, पत्ता १९२.१६८.१० चा आहे का. मग पिंग १९२.१६८.१०.१, म्हणजे ऑफिसपर्यंत पोहोचतोय का. मग पिंग ८.८.८.८, म्हणजे शाळेच्या बाहेर जातोय का. शेवटी एखाद्या साइटच्या नावाने पिंग. आकडा चालला आणि नाव चाललं नाही तर डीएनएसचं दुखणं. जिथे पहिल्यांदा अडेल तिथेच शोधा, पुढचं सोडून द्या.

फक्त एक मशीन दुसऱ्या मशीनला पिंग करून निष्कर्ष काढू नका. विंडोजचा फायरवॉल बहुतेक वेळा अशा पिंगला उत्तरच देत नाही, मशीन धडधाकट असलं तरी.

खडूफळा

लिहिला. आठवीच्या दोन मुलींनी आयपीकॉन्फिगचं काम स्वतःकडे घेतलंय. २३ नंबरची जीभ तुटलेलीच होती, आणि केबलवर खुर्चीच्या पायाचा ठसाही होता. टोक कापून नवीन मारायला क्रिम्पर (टोक दाबून बसवायची पक्कड) उसना मागितला आहे.

बुवा, पांढरा-हिरवा आणि पांढरा-निळा उजेडात सारखेच दिसतात हो. काही युक्ती?

केबलबुवा

पीळ पूर्ण सोडायच्या आधी बघा. पांढरी तार ज्या रंगाच्या तारेभोवती गुंडाळलेली असते, ती त्याच रंगाची. सोडून झाल्यावर शोधायला जाल तर चष्मा लावूनही फसाल. आणि पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडू नका, टोकाच्या आत बसेल तेवढाच.